मुक्त-विश्व व्हिडिओ खेळांतील रंजकता आणि कंटाळा : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मुक्त-विश्व (ओपन वर्ल्ड) या प्रकारातील व्हिडिओ खेळांत खेळाडूला विस्तीर्ण प्रदेशात स्वेच्छेने संचार करता येतो. हे स्वातंत्र्य काही खेळांत आनंदाचे, तर काही खेळांत कंटाळ्याचे कारण ठरते. हा फरक जगाच्या आकारमानामुळे पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली असून, खेळाडूने मिळवलेल्या जाणतेपणाला ते जग प्रतिसाद देते की नाही, यावर रंजकता अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने सागरी प्रवास असलेले खेळ निवडले असून मालवणचा समुद्र, सिंधुदुर्ग किल्ला व दशावतार यांचा तुलनेसाठी उपयोग केला आहे.

बीजसंज्ञा : मुक्त-विश्व खेळ, रंजकता, कंटाळा, अन्वेषण, जाणतेपणा, पुनरावृत्ती.

१. प्रस्तावना

व्हिडिओ खेळांविषयी शिक्षणक्षेत्रात साधारणतः दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आढळतात. एक चिंतेची आणि दुसरी उपेक्षेची. विद्यार्थी किती वेळ खेळतो, याची चर्चा होते. परंतु तो जे खेळतो ते चांगले आहे की सुमार, आणि का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांच्याबाबत हाच प्रश्न समीक्षेचा प्रारंभबिंदू मानला जातो. एखादी कादंबरी सातशे पानांची आहे, एवढ्यावरून तिची थोरवी कोणी सांगत नाही. मुक्त-विश्व खेळांची जाहिरात मात्र आजही पुष्कळदा नकाशाचे क्षेत्रफळ आणि खेळण्याचे तास सांगूनच केली जाते.

हा प्रश्न केवळ करमणुकीपुरता मर्यादित नाही. अशा एका खेळात तरुण वाचकाच्या अनेक कादंबऱ्यांइतका वेळ खर्ची पडतो. त्या वेळातील कोणता भाग अनुभव होता आणि कोणता निव्वळ हमाली, हे ओळखण्याची दृष्टी विद्यार्थ्याला लाभली, तर वेळेच्या अपव्ययावरील उपदेशापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. ती दृष्टी देण्यासाठी अध्यापकाजवळ त्या अनुभवाविषयी बोलण्याची भाषा असावी लागते.

२. संकल्पना आणि वाटचाल

फ्रेंच विचारवंत रॉजर कायवा यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळविषयक ग्रंथात खेळाची दोन टोके कल्पिली. एका टोकाला नियमरहित, उत्स्फूर्त बागडणे असते, तर दुसऱ्या टोकाला नियमबद्ध, कौशल्याधिष्ठित खेळ असतो. आपल्याकडील मोक्षपट या चौकटीतून पाहता येतो. त्यात वाट आखलेली असते आणि फासा पडेल त्याप्रमाणे सोंगटी सरकते. खेळाडूला निर्णयाचा अधिकार जवळजवळ नसतो. बुद्धिबळात निर्णय खेळाडूचा असतो, मात्र पट चौसष्ट घरांचाच राहतो. मुक्त-विश्व खेळ ही दोन्ही टोके एकत्र आणू पाहतो. कुठे जावे, केव्हा जावे, काय करावे हे खेळाडूने ठरवावयाचे. आणि तरीही काही ध्येये, अडचणी व नियम असावयाचेच.

या प्रकाराचा आरंभ जुना आहे. डेव्हिड ब्रेबन व इयान बेल यांच्या १९८४ सालच्या 'एलिट' मध्ये खेळाडू अंतराळात व्यापार करीत कोठेही जाऊ शकत असे. १९८६ मध्ये जपानमध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' आला. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी क्योतोजवळील सोनोबे परिसरातील डोंगर, झाडी व गुहा यांतून बालपणी केलेली भटकंती ही या खेळाची प्रेरणा असल्याचे सांगितले आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' (२००१) ने त्रिमितीय शहर खुले केले आणि 'असॅसिन्स क्रीड' (२००७) ने इतिहासकालीन नगरे. पुढे 'द विचर ३' (२०१५), 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) आणि 'एल्डन रिंग' (२०२२) या खेळांनी हा प्रकार लोकप्रियतेच्या शिखरावर नेला.

३. आकारमानाचा भ्रम

'एलिट' च्या जन्मकथेतच या विषयाचा पहिला धडा आहे. गणिती सूत्राने ग्रह निर्माण करण्याची युक्ती वापरल्यामुळे निर्मात्यांना सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा देणे शक्य होते. परंतु संख्या एवढी प्रचंड झाली की त्यातील एकसारखेपणा उघडा पडेल, हे लक्षात घेऊन अखेरीस ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह एवढ्यावरच थांबण्यात आले.

हा धडा पुढील पिढ्यांना पुन्हा गिरवावा लागला. १९९६ सालच्या 'डॅगरफॉल' च्या भूप्रदेशाची तुलना ग्रेट ब्रिटनच्या आकाराशी केली जात असे. मात्र त्यातील हजारो गावे व भुयारे एकाच साच्यातून काढलेली होती. त्याच मालिकेतील 'मोरोविंड' (२००२) एका बेटापुरता मर्यादित राहिला; पण त्यातील बहुतांश स्थळे हाताने रचलेली असल्याने तो अधिक समृद्ध भासला. 'नो मॅन्स स्काय' (२०१६) मध्ये १८ वर १८ शून्ये इतके ग्रह असल्याची ख्याती होती. प्रकाशनानंतर त्यावर जी टीका झाली, तिचा एक महत्त्वाचा सूर असा होता की ग्रहांचे रंग व प्राणी बदलतात, परंतु तेथे करावयाचे काम बदलत नाही. पुढील काही वर्षांत निर्मात्यांनी त्यात मोफत भर घालून खेळ बराच सुधारला.

यावरून वैविध्याचे दोन प्रकार वेगळे करता येतात. दिसण्याचे वैविध्य डोळ्यांना काही तास पुरते. वागण्याचे वैविध्य, म्हणजे या ठिकाणी आपल्याला वेगळा विचार करावा लागेल ही जाणीव, दीर्घकाळ पुरते. सिंधुदुर्ग किल्ल्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, कुरटे बेटावर वसलेल्या या किल्ल्याचे क्षेत्र अवघे ४८ एकर आहे. त्या मर्यादित जागेत भर समुद्रात गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी, शिवराजेश्वराचे मंदिर आणि बाहेरून सहजासहजी न दिसणारा दरवाजा आहे. यातील प्रत्येक गोष्टीमागे एखादा प्रश्न आणि त्याचे उत्तर आहे. पाणी कोठून आणावयाचे, शत्रूला आत येण्याची वाट कशी सापडू द्यावयाची नाही, अशा प्रश्नांनी ती जागा भरलेली आहे. स्थळाची समृद्धी क्षेत्रफळाने मोजता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

४. समुद्र : प्रवास केव्हा रिकामा होतो?

मुक्त-विश्व खेळाची खरी परीक्षा दोन स्थळांमधील अंतरात होते, आणि समुद्रात ती सर्वांत कठीण असते. कारण तेथे झाड, वळण वा घर असे काहीच नसते. या दृष्टीने तीन खेळांची तुलना उपयुक्त आहे.

'द विंड वेकर' (२००२) मध्ये समुद्राचे ४९ चौकोन असून प्रत्येकात एक बेट आहे. खेळाडू शिडाच्या होडीतून फिरतो. क्षितिजावर उगवणारे बेट पाहण्यात आरंभी मोठा आनंद असतो. परंतु दिशा बदलताना प्रत्येक वेळी वाऱ्याची दिशा बदलण्याची तीच कृती करावी लागते, आणि उत्तरार्धात बुडालेल्या तुकड्यांच्या शोधासाठी त्याच समुद्रात पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. २०१३ मध्ये याच खेळाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा निर्मात्यांनी वेगवान शीड उपलब्ध करून दिले आणि आठपैकी पाच तुकड्यांसाठी लागणारे नकाशे शोधण्याचे काम वगळले. निर्मात्यांनी स्वतःच दिलेली ही कंटाळ्याची कबुली म्हणता येईल.

'द विचर ३' मधील स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशावर ठिकठिकाणी प्रश्नचिन्हे दिसतात. त्यांतील अनेक ठिकाणी तस्करांनी बुडवलेला माल असतो. होडी न्यावयाची, बुडी मारावयाची, पेटी उघडावयाची आणि पुढच्या चिन्हाकडे निघावयाचे. ज्या खेळातील उपकथानके नैतिक गुंतागुंतीसाठी वाखाणली गेली, त्याच खेळातील हा भाग खेळाडूंच्या तक्रारीचा विषय ठरला. कंटाळा हा संपूर्ण खेळाचा गुणधर्म नसून त्यातील विशिष्ट रचनेचा असतो, हे येथे दिसून येते.

'असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग' (२०१३) मध्ये अठराव्या शतकातील कॅरिबियन समुद्र आहे. तेथेही अंतरे मोठी आहेत. मात्र दूरचे जहाज दिसताच दुर्बिणीतून त्यावरील माल व बळ पाहता येते आणि चाल करून जावे की टाळावे हे ठरवावे लागते. वादळ आले की लाटेला सामोरे जाण्याचा कोन सांभाळावा लागतो. काहीच घडत नसते तेव्हा खलाशी गाणी म्हणतात. म्हणजे रिकामा वेळही येथे निर्णयाने किंवा सोबतीने भरलेला असतो.

मालवणच्या समुद्राशी तुलना केली असता हा फरक अधिक उमगतो. येथील तांडेलाच्या दृष्टीने पाण्याचा कोणताही पट्टा रिकामा नसतो. पाण्याखालचे खडक, भरती-ओहोटीची वेळ, पहाटेचा मतलई वारा, किनाऱ्यावरील डोंगर व देवळाच्या कळसाच्या खुणा या सर्वांचा हिशेब त्याला करावा लागतो. मालवण बंदराकडे येणारी वाट खडकांमधून जात असल्याने नवख्या जहाजाला ती धोक्याची आणि जाणत्याला ती संरक्षक होती. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, तेव्हा या जागेच्या निवडीतील शहाणपणाचा मोठा भाग हाच होता. शिवाय हा समुद्र वर्षभर एक राहत नाही. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा होऊन नवा हंगाम मानला जातो. ज्या समुद्रात जाणत्या आणि नवख्या माणसाला एकाच पद्धतीने, एकाच वेगाने व सारख्याच धोक्याने जाता येते, तो समुद्र खेळात केवळ अंतर म्हणून उरतो.

५. नकाशा : सांगणे आणि शोधू देणे

कंटाळ्याचे दुसरे मोठे कारण नकाशात दडलेले आहे. 'असॅसिन्स क्रीड' ने उंच मनोऱ्यावर चढून परिसर उघड करण्याची पद्धत रूढ केली. 'फार क्राय ३' (२०१२) मध्ये तिने रेडिओ मनोऱ्याचे रूप घेतले. मनोरा सर केला की नकाशावर अनेक चिन्हे एकदम उमटतात. सोय मोठी होते. परंतु पाहण्याचे काम संपून यादी पूर्ण करण्याचे काम सुरू होते. खेळाडूची नजर प्रदेशावरून निघून कोपऱ्यातील छोट्या नकाशावर खिळते.

'मोरोविंड' मध्ये वाट बोलण्यातून सांगितली जाई. अमुक पूल ओलांडावा, तमुक खडकापाशी वळावे, असे पात्रे सांगत आणि ते नोंदवहीत उतरत असे. कोकणात व्हाळ ओलांडून गडग्याच्या कडेने वर चढा, मग जुना मांगर दिसेल, अशा शब्दांत घर सांगितले जाते, त्याच जातीचे हे सांगणे होय. त्यात चुकण्याची शक्यता असते. पण पोहोचल्यावर ती वाट आपली झालेली असते. याच मालिकेतील 'ऑब्लिव्हियन' (२००६) ने होकायंत्रावर लक्ष्याचे चिन्ह दाखवण्यास सुरुवात केली. चुकणे थांबले, आणि त्याबरोबर वाट लक्षात राहणेही कमी झाले.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ने मधला मार्ग काढला. त्यातही मनोरे आहेत. परंतु ते केवळ भूरूप उघड करतात. उंचावरून न्याहाळून खुणा करण्याचे काम खेळाडूचेच असते. त्याच्या निर्मात्यांनी २०१७ मध्ये जपानमधील सेडेक परिषदेत आपले एक तत्त्व मांडले होते. टेकड्या त्रिकोणी आकाराच्या ठेवल्या की त्या पलीकडचे दृश्य झाकतात, आणि वर चढावे की वळसा घालावा असा पर्याय निर्माण करतात. झाकलेल्या गोष्टीमुळे कुतूहल जागे होते आणि चालता चालता ते फळाला येते.

सिंधुदुर्गाचा दरवाजा हे झाकण्याच्या कलेचे वास्तव उदाहरण आहे. वळणदार बुरुजांच्या आड असलेले प्रवेशद्वार समुद्रातून पाहणाऱ्याला अखंड तटासारखे भासते; जवळ गेल्यावरच वाट उघडते. किल्लेबांधणीत ही युक्ती शत्रूला रोखण्यासाठी होती. खेळाच्या रचनेत तीच युक्ती खेळाडूला बोलावण्यासाठी वापरली जाते.

६. पुनरावृत्ती आणि बक्षीस

पुनरावृत्ती म्हणजेच कंटाळा, असे समीकरण मांडणे मात्र योग्य होणार नाही. मालवणच्या पुळणीवर चालणारी रापण ही पुनरावृत्तच असते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकावयाचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करावयाचे. तरीही दोन दिवस सारखे नसतात. कारण पाणी, वारा आणि मासळी दररोज निराळी उत्तरे देतात. मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९७५ च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, कौशल्यापेक्षा आव्हान फार कमी झाले की कंटाळा येतो आणि फार वाढले की चिंता. कौशल्याबरोबर आव्हान वाढत असेल, तर तीच कृती शंभर वेळा करूनही तिचा कंटाळा येत नाही.

दोन संग्रहांची तुलना हा मुद्दा स्पष्ट करील. पहिल्या 'असॅसिन्स क्रीड' मध्ये ४२० ध्वज विखुरलेले होते. ते शोधून खेळाच्या जगात काहीही बदलत नसे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मध्ये ९०० कोरोक बिया आहेत. म्हणजे संख्या दुपटीहून अधिक आहे. परंतु दगडांच्या वर्तुळात एक दगड कमी असणे यासारखी विसंगती प्रथम नजरेला जाणवावी लागते आणि मग ती दुरुस्त करावी लागते. आरंभीच्या बियांमुळे शस्त्रे बाळगण्याची क्षमता वाढते, तर सर्व ९०० गोळा करणाऱ्याला मिळणारे बक्षीस निरुपयोगी व थट्टेचे आहे. म्हणजे 'भेटेल ते घ्यावे, सर्वांच्या मागे लागू नये' असे खेळच सुचवतो. ध्वज जागेशी नाते न ठेवता ठेवलेला असतो. बी मात्र जागेकडे पाहावयास शिकवते.

बक्षिसाबाबत १९७३ मधील लेपर, ग्रीन व निस्बेट यांचा प्रयोग अध्यापकांना परिचित असेल. चित्रे काढण्याची मूळचीच आवड असलेल्या बालकांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवल्यानंतर त्यांची स्वेच्छेने चित्रे काढण्याची ओढ कमी झाली. भटकंतीची उपजत आवड असलेल्या खेळाडूला प्रत्येक पावलागणिक गुण देणारा खेळ असेच काहीसे करीत असावा, असा तर्क येथे करता येतो. याला आर्थिक बाजूही आहे. हाताने रचलेले एक उपकथानक खर्चिक असते, तर साच्यातील शंभर कामे स्वस्त पडतात. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) मध्ये तर अनुभवगुण जलद वाढवणारी सोय वेगळ्या किमतीला उपलब्ध होती. खेळण्याचा काही भाग टाळता यावा म्हणून पैसे मोजण्याची इच्छा होत असेल, तर तो भाग मुळात कशासाठी होता, असा प्रश्न उपस्थित होतो.

७. पात्रे आणि स्मरण : दशावताराचा दाखला

विस्तीर्ण जग ओसाड वाटण्याचे आणखी एक कारण म्हणजे त्यातील माणसांची विस्मृती. खेळाडूने गाव वाचवले तरी गावकरी तेच वाक्य उच्चारत राहतो. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' (२०१४) ने यावर उपाय शोधला. त्यातील शत्रू मागील भेट लक्षात ठेवतो, जखमेचा व्रण घेऊन परततो आणि तिचा उल्लेखही करतो. सामान्य शिपायाचा खेळाडूपुरता खलनायक होतो. या पद्धतीसाठी अमेरिकेत पेटंट घेण्यात आले असून ते २०२१ मध्ये मंजूर झाले.

सिंधुदुर्गातील जत्रांतून रात्रभर चालणारा दशावतार या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकतो. त्याला परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरलेला असतो, शेवटही प्रेक्षकांना ठाऊक असतो. परंतु संवाद रंगमंचावर उत्स्फूर्तपणे घडतो. समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलून उत्तर द्यावे लागते, प्रेक्षकांचा कल ओळखून प्रसंग लांबवावा वा आवरावा लागतो. हा रंग भरतो तेव्हा पहाट केव्हा झाली हे कळत नाही. आणि नट पाठ केलेलीच वाक्ये घोळवू लागला की तीच रात्र लांबलचक वाटते. रात्रीचे तास दोन्ही वेळा तेवढेच असतात. बदलतो तो प्रतिसाद.

८. मर्यादा आणि शैक्षणिक उपयोग

प्रस्तुत निकषाला मर्यादा आहेत. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये सामूहिक संगणकीय खेळांतील खेळाडूंचे यश मिळवणारे, शोध घेणारे, सहवास इच्छिणारे व इतरांवर मात करू पाहणारे असे चार वर्ग केले. पहिल्या वर्गाला यादी पूर्ण करण्यातच समाधान लाभते. दिवसभराच्या श्रमानंतर डोक्याला ताण न देणारी सोपी कामेही कोणाला हवीशी वाटतात. म्हणून कंटाळवाणेपणाचा निर्णय देताना 'कोणासाठी' हा प्रश्न सोडता येत नाही.

तथापि अध्यापनासाठी हा निकष उपयोगी आहे. २०१८ मध्ये 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' मधील प्राचीन इजिप्तचा भाग लढाया वगळून 'डिस्कव्हरी टूर' या नावाने खुला करण्यात आला. त्यात ७५ मार्गदर्शित सहली आहेत. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने ज्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग आहेत. या किल्ल्यांची संगणकीय प्रतिकृती करावयाची झाल्यास दोन मार्ग संभवतात. पहिल्या मार्गात तटावर पन्नास चिन्हे लावून प्रत्येकाला माहितीची चौकट जोडता येईल. दुसऱ्या मार्गात विद्यार्थ्याला होडीत बसवून, भरतीची वेळ व खडकांची कल्पना देऊन, दरवाजा शोधावयास सांगता येईल. पहिल्या मार्गाने माहिती मिळेल. दुसऱ्या मार्गाने ही जागा का निवडली, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या फसलेल्या प्रयत्नांतून कळेल.

९. समारोप

वरील विवेचनावरून मुक्त-विश्व खेळाचे मूल्यमापन करण्यासाठी चार प्रश्न निश्चित करता येतात. दहाव्या तासाला खेळाडूला पहिल्या तासापेक्षा त्या जगाविषयी अधिक कळते काय? जे कळले त्यामुळे त्याची कृती बदलते काय? दोन स्थळांमधील प्रवासात निर्णयाला जागा आहे काय? आणि त्याने केलेल्या गोष्टींची त्या जगाला आठवण राहते काय? उत्तरे होकारार्थी असतील तर लहान जगही अपुरे वाटत नाही. नकारार्थी असतील तर कितीही मोठा नकाशा केवळ कामांची यादी ठरतो.

हेच चार प्रश्न अभ्यासक्रमालाही लावता येतील. प्रकरणे पूर्ण झाली, स्वाध्याय जमा झाले, गुणांची नोंद झाली. पण विद्यार्थी त्या विषयात जाणता झाला काय, याचे उत्तर त्या नोंदींत सापडेलच असे नाही. खेळातील कंटाळ्याचा अभ्यास करणाऱ्या अध्यापकाला वर्गातील कंटाळ्याची कारणेही त्यामुळे अधिक स्पष्ट दिसू शकतील.